एकच व्हिक्टोरियन कादंबरी सुचवा (आणि कुठली पानं गाळायची तेही सांगा)

ओली_छत्री
मंडळी, यंदाच्या पावसाळ्यात एखादी जाडजूड व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नीट वाचायचं मनात आहे. शाळेत असताना ह्यातल्या बऱ्याचशांच्या शंभर-दीडशे पानी संक्षिप्त आवृत्त्या वाचल्यात, गोष्टी साधारण माहितीयत, पण मूळ पुस्तक हातात घेतलं की आठशे पानं आणि तो बारीक टाइप बघूनच धीर सुटतो.

तर विनंती अशी की प्रत्येकाने एकच सुचवा. 'मरण्यापूर्वी वाचायलाच हव्यात' छापाच्या याद्या गूगलवर ढिगाने पडल्यात, त्या नकोत. तुमचा स्वतःचा जीव जिच्यावर जडला आणि जी तुम्ही मैत्रिणीच्या हातात द्याल ती सांगा. आणि कंटाळा कुठे येतो, कुठली पानं बिनधास्त गाळावीत तेही खरं खरं सांगा. इथे कुणी परीक्षा घेणार नाहीये.

झंप्या
प्राइड अँड प्रेज्युडिस. चला, धागा बंद करा.

निवृत्त_कारकून
झंप्याभाऊ, ती लिहिणारी जेन ऑस्टिन गेली १८१७ साली. व्हिक्टोरियाबाई जन्मल्या १८१९ साली.

झंप्या
मग राणीचं नशीब फुटकं, मी काय करू.

काळी_कॉफी
जेन एअर. डोळे मिटून घे.

पहिल्याच प्रकरणात दहा वर्षांची अनाथ पोरगी मामीच्या घरी खिडकीत पडद्याआड पुस्तक घेऊन बसलेली असते, मामेभाऊ तेच पुस्तक तिच्या अंगावर भिरकावतो आणि ती रडत बसायच्या ऐवजी त्याच्यावर धावून जाते. तिथेच मी तिची झाले. १८४७ साली गरीब, दिसायला साधी आणि वर तोंडाला तोंड देणारी नायिका लिहायची म्हणजे काय धाडस असेल विचार करा, म्हणून तर शार्लट ब्राँटेने करर बेल असं पुरुषी वाटणारं नाव लावून छापली. लोवुड शाळेतला भाग तिच्या आयुष्यातूनच आलाय, तिच्या दोन मोठ्या बहिणी मारिया आणि एलिझाबेथ अशाच एका शाळेत आजारी पडल्या आणि १८२५ मध्ये दोघीही गेल्या. तो भाग वाचताना घशात आवंढा येतो.

गाळायचं म्हणशील तर शेवटाकडे तो सेंट जॉन नावाचा पाद्री भेटतो तिथे मी सरळ चाळते. थंडगार माणूस आहे नुसता.

लीड्सकर
काळी_कॉफी, अहो तेवढंच नका हो गाळायला सांगू! तो सेंट जॉन हिंदुस्थानात मिशनरी म्हणून निघालाय आणि जेनला जर्मन सोडायला लावून हिंदुस्थानी शिकायला बसवतो, कारण तिकडच्या कामाला त्याला बायको हवीय. प्रेमबिम काही नाही, नुसतं कर्तव्य. जिवापाड आवडणाऱ्या रॉचेस्टरला नाही म्हणताना जेनला निदान तो चुकतोय हे तरी ठाऊक असतं, पण हा सज्जन माणूस देवाला मध्ये घालतो. त्याला नाही म्हणणं जास्त अवघड. ती म्हणते बहीण म्हणून येते, बायको म्हणून येणार नाही. माझ्या मते तिची खरी परीक्षा तिथेच आहे.

मी लीड्सला असतो, ब्राँटेंचं गाव हॉवर्थ इथून फार लांब नाही. पाहुणे आले की नेतो, कीथलीहून वाफेच्या इंजिनाची गाडी जाते. ब्राँटेंच्या घरासमोर दफनभूमी, मागे उजाड माळरान. जेवणघरातलं टेबल अजून आहे, त्याच्याशी बसून तिघी बहिणी लिहायच्या आणि रात्री त्याच्याभोवती फेऱ्या मारत एकमेकींना गोष्ट ऐकवायच्या. त्यांचा भाऊ ब्रानवेल सप्टेंबर १८४८ मध्ये गेला, एमिली त्याच डिसेंबरात, ॲन पुढच्या मे महिन्यात. त्यानंतर शार्लट एकटीच फेऱ्या मारायची म्हणतात.

कंदील
ब्राँटेच वाचायची तर एमिलीची वदरिंग हाइट्स वाचा. जेन एअर चांगल्या मुलींसाठी आहे.

ही प्रेमकथा आहे असं सांगून लोकांनी पुस्तकाची वाट लावलीय. प्रेमकथा पुस्तकाच्या मध्यावर संपते, उरलेलं अर्धं निव्वळ भाऊबंदकी आहे. नायक हीथक्लिफ जुगारात आणि गहाणखतात एक घर गिळतो, लग्नं लावून दुसरं गिळतो, आणि शत्रूच्या पोराला अडाणी ठेवून नोकरासारखं राबवतो. आपल्या गावाकडे वाड्याच्या वाटणीवरून तीन पिढ्या बोलत नाहीत ती माणसं ज्यांनी बघितलीत त्यांना हे परकं वाटणारच नाही. फक्त वाचताना कागदावर वंशावळ काढून ठेवा. आई कॅथरिन, मुलगी कॅथरिन, लिंटन हे एकाचं आडनाव आणि दुसऱ्याचं पाळण्यातलं नाव.

गाळायचं: जोसेफ नावाच्या म्हाताऱ्या गड्याची सगळी भाषणं. पक्की यॉर्कशरी बोली, कपाळाला हात लागतो.

लीड्सकर
जोसेफ इथे राहून मलाही कळत नाही, बायको हसते. शार्लटने १८५० च्या आवृत्तीत त्याचं बोलणं वाचकांसाठी जरा सौम्य केलं होतं, पण हल्ली बहुतेक छापील प्रतींत एमिलीचं मूळचंच असतं.

काळी_कॉफी
"चांगल्या मुलींसाठी" म्हणे. कंदील, नवऱ्याची पहिली बायको माळ्यावर कोंडलेली निघते हो जेन एअरमध्ये.

ओली_छत्री
काळी_कॉफी!!! ते संक्षिप्त आवृत्तीत होतं म्हणून वाचलीस. बाकीच्यांनी कृपया शेवट फोडू नका.

मनमौजी_मुळा
मी हार्डीचा माणूस. द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज. पहिल्या प्रकरणात एक तरुण गवतकाप्या जत्रेत रम घातलेली खीर ढोसून, दारूच्या तारेत स्वतःची बायको आणि तान्ही पोर पाच गिनीला विकून टाकतो. सकाळी शुद्धीवर येतो तर खरंच गेलेल्या असतात. तिथून पुढे एकवीस वर्षं दारू न पिण्याची शपथ, धान्याचा मोठा व्यापारी, गावचा मेयर, आणि मग एके दिवशी भूतकाळ गावात चालत येतो. पहिल्या पंधरा पानांत ज्याला पकड बसली नाही त्याने सरळ कादंबऱ्या सोडून द्याव्यात. आणि पानंही साडेतीनशेच्या आसपास. गाळण्यासारखं काहीच नाही.

हार्डीचीच टेस मात्र पहिली म्हणून घेऊ नका. तिने लग्नाआधी नवऱ्याला सगळं खरं सांगणारं पत्र लिहिलं, दाराखालून आत सरकवलं आणि ते गेलं सतरंजीखाली. मी पुस्तक भिंतीवर फेकलं होतं.

निवृत्त_कारकून
पोस्टाने टाकलं असतं तर पोचलं असतं.

झंप्या
कारकूनकाका, हसून हसून पुरेवाट :D

ओली_छत्री
मुळा, आत्ताच शेवट फोडू नका म्हटलं ना रे?!

मनमौजी_मुळा
हा शेवट नाहीच, हा मध्य आहे. हार्डीमध्ये शेवटी सगळं वाईटच होतं, त्यात फोडायचं काय? त्याच्या ज्यूड कादंबरीवर १८९५ साली इतका गदारोळ झाला, एका बिशपने ती जाळल्याचं जाहीर केलं. पुढे हार्डीने नवी कादंबरी लिहिलीच नाही, उरलेली तीस-बत्तीस वर्षं कविता करत बसला.

सुपारी_फुटली
स्पॉयलरवरून आठवलं, अँथनी ट्रोलप ह्या बाबतीत सगळ्यांचा बाप आहे. बार्चेस्टर टॉवर्समध्ये एक विधवा आहे, तिच्यामागे दोन उपटसुंभ लागलेत, आपण काळजीत. तर पंधराव्या प्रकरणात लेखक स्वतः मध्ये येऊन म्हणतो की वाचकहो घाबरू नका, ही ह्याच्याशीही लग्न करणार नाही आणि त्याच्याशीही नाही. आणि वर सांगतो की वाचकापासून गुपितं लपवून ठेवणं मला पटत नाही.

निवृत्त_कारकून
सुपारी, तुम्ही माझ्या माणसाला हात घातलात त्यामुळे आता सविस्तर लिहिणं आलं.

आम्ही आयुष्यभर पोस्टात. ट्रोलपही पोस्टातला, १८३४ ते १८६७ नोकरी केली. इंग्रजी रस्त्यावरची ती पत्रपेटी आहे ना, तिची सुरुवात आधी चॅनल बेटांवर १८५२ मध्ये झाली ती ह्याच्याच सूचनेवरून. एकूण सत्तेचाळीस कादंबऱ्या, त्यातल्या बऱ्याच नोकरी सांभाळून. पहाटे उठायचा, उठवायला म्हातारा मोतद्दार ठेवलेला, त्याला त्या कामाचे वर्षाला पाच पौंड जास्त. साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द. हे सगळं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आणि ते तो गेल्यावर १८८३ मध्ये छापलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, की प्रतिभा म्हणजे काय रोजंदारी आहे? मला तर त्यामुळेच आवडला.

तर माझी शिफारस द वॉर्डन, १८५५ ची. छोटी, दोनशे पानांच्या आतबाहेर. बारा म्हाताऱ्यांचा एक धर्मादाय आश्रम, त्याच्यावर नेमलेला पाद्री हार्डिंग, अतिशय सरळ माणूस, चेलो वाजवतो. त्याला वर्षाला आठशे पौंड मिळतात आणि म्हाताऱ्यांना जेमतेम. कुणीतरी विचारतं की हे बरोबर आहे का. वर्तमानपत्रात झोडपतात. गंमत अशी की त्याने काही गैर केलेलंच नाही, नियमाने जे मिळतं तेच घेतलंय, वकील सांगतात तुमची बाजू पक्की आहे. पण प्रश्न एकदा डोक्यात शिरल्यावर त्याला झोप लागत नाही. आणि अस्वस्थ झाला की हा माणूस हवेतच चेलो वाजवायला लागतो, जावई समोर ओरडतोय आणि ह्याचा हात चाललाय. सरकारी खात्यात ज्याने नोकरी केली त्याला ही कादंबरी आतून कळेल.

गाळायचं: मध्ये डिकन्सची आणि इतरांची टिंगल करणारं एक प्रकरण आहे, ते आज वाचून कळत नाही.

तारीख_पुढची
कारकूनसाहेब, पेशाचाच विषय निघालाय तर ब्लीक हाउस. मी दिवाणी कोर्टात वकिली करतो, अजून काय सांगू.

जार्नडिस विरुद्ध जार्नडिस, मृत्युपत्राचा दावा, इतकी वर्षं चाललाय की मूळ वाद काय होता हे हयात असलेल्या कुणालाच सांगता येत नाही. दाव्यात माणसं जन्मतात, दाव्यात मरतात. रिचर्ड नावाचा हुशार पोरगा आहे, आज ना उद्या निकाल लागेल ह्या आशेवर एकेक धंदा सोडत जातो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपण नुसतं म्हणतो, डिकन्सने त्याची हजार पानं केलीत. माझा एक अशील आहे, त्याला द्यावंसं वाटलं होतं पुस्तक, मग म्हटलं नको, माझी फी कोण देणार.

दोन निवेदक आहेत. एक एस्थर, साधी मुलगी, भूतकाळात सांगते. दुसरा कोणीतरी वरून बघणारा, वर्तमानकाळात, चिडलेला. सुरुवातीला लंडनच्या धुक्याचं वर्णन करतो ते मोठ्याने वाचून बघा. आणि इन्स्पेक्टर बकेट, इंग्रजी कादंबरीतल्या अगदी पहिल्या डिटेक्टिव्हांपैकी. गाळायचं असेल तर एस्थर स्वतःच्या नम्रतेचं कौतुक करते ते परिच्छेद पटापट पुढे न्या.

सुपारी_फुटली
त्यात तो भंगारवाला आपोआप पेट घेऊन जळून जातो ना? मला तेव्हा वाटलं मी काहीतरी चुकीचं वाचतेय.

तारीख_पुढची
हो, क्रूक. दारू पिऊन पिऊन माणूस आतून पेटतो असा त्या काळी बऱ्याच जणांचा समज होता. जी. एच. लुइस नावाच्या समीक्षकाने जाहीर आक्षेप घेतला की हे शास्त्राला धरून नाही, तर डिकन्स इरेला पेटला आणि पुस्तकाच्या प्रस्तावनेत जुनेपुराणे दाखले देऊन भांडला. शेवटपर्यंत मान्य केलं नाही. वकील व्हायला हवा होता.

माई_सातारा
हाच लुइस पुढे जॉर्ज एलियटबाईंचा आयुष्याचा जोडीदार, लग्नाशिवाय. त्या काळात केवढी मोठी गोष्ट. बाईंच्या भावाने कित्येक वर्षं बोलणं टाकलं होतं.

ओली_छत्री, बाळ, माझं एकच नाव, मिडलमार्च. १८७१-७२ ची, आठ भागांत निघाली. तरुणपणी वाचली तेव्हा मला डोरोथियाचं दुःख दिसलं. हुशार मुलगी, काहीतरी मोठं काम करायचंय म्हणून एका शुष्क म्हाताऱ्या पंडिताशी लग्न करते, तो सगळ्या पुराणकथांची एकच किल्ली शोधणारा ग्रंथ लिहितोय, जो कधीच लिहून होणार नसतो. आता ह्या वयात वाचली तर मला त्या पंडिताचीच दया आली. आपलं काम फोल आहे हे त्याला आतून ठाऊक असतं आणि घरात ही बायको रोज उत्साहाने विचारते, लिहायला कधी बसायचं?

पण मी तुला सांगेन ते चौऱ्याहत्तरावं प्रकरण. बुलस्ट्रोड नावाचा बँकवाला, देवभक्त म्हणून मिरवणारा, त्याचं जुनं पाप गावभर होतं. बायकोला सगळ्यात शेवटी कळतं, भावाकडून. नटायची आवड असलेली साधी बाई. ती खोलीत जाऊन दार लावून घेते, अंगावरचे सगळे दागिने उतरवते, साधा काळा झगा घालते, केस साधे बांधते आणि खाली नवऱ्याजवळ जाऊन बसते. त्याला विचारतही नाही की खरं काय आहे. दोघं रडतात. एवढंच. ही बाई कादंबरीत फार मोठी नाही, पण मी तिला विसरू शकत नाही.

गाळू काही नकोस. राजकारणाची पानं जड आहेत, १८३२ च्या सुधारणा कायद्याच्या आधीची निवडणूक आहे, पण त्यातले ब्रुककाका भाषण करायला उभे राहतात ते वाचून हसशील.

कंदील
माई, दंडवत.

काळी_कॉफी
ह्या सगळ्या इतक्या लांब का ह्याचं उत्तर पैशात आहे बरं का. नवी कादंबरी तीन खंडांत निघायची, किंमत साडेएकतीस शिलिंग, साध्या माणसाला परवडायचं नावच नाही. मग लोक म्युडीच्या लायब्ररीची वर्गणी भरायचे, वर्षाला एक गिनी, एका वेळी एक खंड. म्हणजे एका कादंबरीवर तीन वाचक एकाच वेळी बसवता येतात. लायब्ररीवाल्याला तीन खंडच हवेत, मग लेखक बिचारा दोन खंडांची गोष्ट ताणून तीन करणार. १८९४ मध्ये लायब्ऱ्यांनीच हात वर केले आणि तीन खंडांचा प्रकार संपला.

दुसरा मार्ग म्हणजे हप्ते. डिकन्सचा महिन्याचा अंक एक शिलिंगला, बत्तीस पानं, दोन चित्रं आणि पुढेमागे जाहिराती.

माई_सातारा
हप्त्यांवरून आपले हरिभाऊ आठवले. 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून करमणूक साप्ताहिकात अशीच क्रमशः आली. आणि हरिभाऊंची त्या आधीची पहिली, 'मधली स्थिती', ती तर रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज लेखकाच्या कादंबरीवर बेतलेली. हा रेनॉल्ड्स लंडनची काळी बाजू दाखवणाऱ्या पेनीला एक अशा चोपड्या लिहायचा, तिकडच्या शिष्ट मंडळींनी त्याला कधी जवळ केलं नाही, पण आपल्याकडे त्या काळी डिकन्सच्या तोडीने वाचला गेला. माझ्या आजोबांच्या कपाटात त्याचे खंड होते, आम्हा मुलींना हात लावायची बंदी.

झंप्या
मग वाचले का?

माई_सातारा
सगळे.

लालबागचा_नातू
नॉर्थ अँड साउथ, एलिझाबेथ गॅस्केल. इथे अजून कुणी घेतलं नाही ह्याचं आश्चर्य वाटतंय.

आजोबा गिरणीत साच्यावर होते, ८२ च्या संपात घरी बसले ते बसलेच. त्यामुळे असेल, पण ही कादंबरी मी वेगळ्याच डोळ्यांनी वाचली. दक्षिणेतल्या हिरव्यागार गावातली पाद्र्याची मुलगी मार्गारेट, बापाने पाद्रीपण सोडल्यामुळे उत्तरेतल्या धुराड्यांच्या गावात येऊन पडते. गावाचं नाव मिल्टन, पण आहे मँचेस्टरच. तिथे थॉर्नटन नावाचा गिरणीमालक. त्यांची प्रेमकथा सगळ्यांना माहितीय, बीबीसीच्या २००४ च्या मालिकेमुळे तर काही विचारू नका. पण मला कादंबरीत लक्षात राहिली बेसी. एकोणीस वर्षांची, कापूस पिंजायच्या खात्यात काम करून छातीत कापसाचे तंतू गेलेले, खोकून खोकून मरायला टेकलेली. ती सांगते की काही गिरण्यांत हवा ओढून घेणारं एक चाक बसवतात, पण त्याला पाच-सहाशे पौंड लागतात आणि त्यातून नफा काही नाही, म्हणून मालक बसवत नाहीत. आणि पुढे जे म्हणते ते वाचून मी थांबलो. म्हणते, काही कामगारांनाच ते चाक नको असतं, कारण तंतू गिळायची सवय झालेली, ते बंद झाले की भूक जास्त लागते, मग मजुरी वाढवून पाहिजे.

हे १८५४-५५ मध्ये लिहिलंय. आजोबांना वाचून दाखवलं मराठीत सांगत सांगत. ते म्हणाले बाई आत जाऊन आलेली दिसतेय.

गाळायचं काही नाही, शेवट फक्त घाईत उरकलाय. डिकन्सच्या साप्ताहिकात येत होती आणि जागेवरून दोघांची सारखी कटकट चालायची, गॅस्केलबाईंनी पुस्तक काढताना नंतर थोडी भर घातली.

लीड्सकर
लालबागचा_नातू, सुंदर लिहिलंत. वाचनखूण साठवली आहे.

कंदील
मी जरा विरजण घालू का? एवढं कौतुक चाललंय, पण ह्या सगळ्या दिवाणखान्यांतला पैसा कुठून येतो बघा. त्या गिरण्यांचा कापूस अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला. जेन एअरला वारशात मिळतात ते मदेराच्या काकाचे, रॉचेस्टरला बायको आणि हुंडा जमैकाचा. आणि डिकन्स, ज्याला आपण गरिबांचा कैवारी म्हणतो, त्याने १८५७ च्या उठावानंतर खाजगी पत्रात लिहिलं की मी हिंदुस्थानात सेनापती असतो तर ह्या वंशाचा नायनाट करायला झटलो असतो. त्यानंतर मला त्याच्या ख्रिसमस कॅरलमधला गरीब पोरगा टायनी टिम गोड लागेना.

तारीख_पुढची
ते पत्र खरंय. बचाव नाही माझ्याकडे.

सुपारी_फुटली
कंदीलचं बरोबर आहे, म्हणूनच माझी शिफारस द मूनस्टोन. विल्की कॉलिन्स, १८६८, म्हणजे उठावाला जेमतेम अकरा वर्षं झालेली आणि इंग्लंडात राग अजून ताजा. गोष्ट सुरू होते १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीपासून. इंग्रज अधिकारी खून करून पवित्र हिरा चोरतो, तो हिरा पुढे एका मुलीला अठराव्या वाढदिवसाला भेट मिळतो आणि त्याच रात्री गायब. तीन हिंदुस्थानी ब्राह्मण त्या हिऱ्याच्या मागावर इंग्लंडभर फिरतायत, समुद्र ओलांडून जात घालवून. मूळ चोर इंग्रज आहे हे कॉलिन्सने पहिल्याच पानांत सांगून टाकलंय, आणि शेवट सोमनाथला होतो, त्यात त्या तिघांचं जे चित्र आहे ते खलनायकांचं नाही. एवढंच सांगते, पुढे नाही.

चुका आहेत. सोमनाथात चतुर्भुज चंद्रदेवाची मूर्ती बसवलीय, आणि तिचं राखण करायला विष्णू स्वप्नात येऊन सांगतो. शंकर कुठेच नाही :) पण रहस्यकथा म्हणून आजही तोड नाही. प्रत्येक जण आपापल्या बाजूने हकिगत सांगतो, त्यातला म्हातारा कारभारी बेटरेज तर लाजवाब, काही अडलं की रॉबिन्सन क्रूसो उघडतो आणि समोर येईल ते पान हा कौल मानतो. मिस क्लॅक नावाची धार्मिक बाई दुसऱ्यांच्या घरात उशांखाली धर्मपत्रिका लपवून ठेवत फिरते. सार्जंट कफला गुन्ह्यापेक्षा गुलाबांत रस. गाळायचं काहीच नाही, गाळलंत तर पुरावा हुकेल.

मनमौजी_मुळा
अवांतर: हिंदुस्थानवरून आठवलं, थॅकरे जन्मला कलकत्त्यात, १८११ साली. व्हॅनिटी फेअरमध्ये तो गुबगुबीत जॉस सेडली, कंपनी सरकारचा कलेक्टर, सुट्टीवर घरी आलाय, आणि बेकी त्याला गटवायला बसलीय. करी खाऊन तिचा जाळ होतो तर हा म्हणतो मिरची घेऊन बघा. तिला 'चिली' हे इंग्रजीत थंडगार वाटेल असं नाव ऐकून बरं वाटतं, हिरवीगार दिसते म्हणून ती तोंडात टाकते आणि मग पाण्यासाठी ओरडते. जॉसचा बाप पोट धरून हसतो. मी ते प्रकरण आमच्या कोल्हापूरच्या मावशीला सांगितलं तर म्हणाली, एका मिरचीत?

झंप्या
मावशीला धागाकर्त्या करा.

लीड्सकर
अवांतरात अवांतर, मेडोज टेलर कुणी वाचलाय का? त्याची तारा, १८६३ ची, तुळजापूरच्या ब्राह्मण मुलीची गोष्ट आणि त्यात शिवाजी महाराज आणि अफझलखान. माणसाची सगळी हयात निजामाच्या मुलखात, सुरपूरकडे गेली, त्यामुळे गावं आणि माणसं कॉलिन्ससारखी ऐकीव नाहीत. अर्थात साहेबाची नजर साहेबाचीच.

माई_सातारा
मी वाचलीय. महाराजांचं चित्र मला पटलं नाही, तुळजापूरचं देऊळ आणि घरातल्या बायका पटल्या.

काळी_कॉफी
जाता जाता ॲन ब्राँटेसाठी कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलते, माझा दुसरा कोटा समजा. द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल. दारुड्या नवऱ्याच्या तोंडावर खोलीचं दार लावून घेणारी आणि मुलाला घेऊन पळून जाणारी बाई, १८४८ मध्ये, जेव्हा लग्न झालेल्या बाईच्या नावावर पैसासुद्धा राहत नव्हता. ॲन गेल्यावर पुस्तक पुन्हा छापायला शार्लटनेच खोडा घातला. म्हणून धाकटी मागे राहिली.

ओली_छत्री
किती लिहिलंत सगळ्यांनी, मंडळ आभारी आहे. ऑफिसात काम करवेना माझं.

गाळायला सांगा म्हटलं तर बहुतेकांनी गाळू नको म्हणूनच सांगितलंय, ते एक असो. मी सगळ्यांच्या पहिल्या प्रकरणांवर नजर टाकली, गुटेनबर्गवर फुकट आहेत सगळी, फोनवर अक्षर मोठं करता येतं त्यामुळे टाइपाची तक्रारही संपली. मूनस्टोन सगळ्यात पटकन पकडते, ती आईसाठी ठेवलीय, तिला रहस्य लागतं. नॉर्थ अँड साउथ पुस्तक म्हणूनच विकत घेणार. पण आत्ता ब्लीक हाउस. काळी_कॉफीने हप्त्यांचं लिहिलं ना, त्यावरून वाटलं की जी गोष्ट लोकांनी दीड वर्ष महिन्याला बत्तीस पानं अशी वाचली ती मी चार दिवसांत का संपवायला बघतेय? मूळ अंकांप्रमाणेच वाचायची. तारीख_पुढची, कुठला अंक कुठे संपतो हे कुठे मिळेल?

तारीख_पुढची
बऱ्याच चांगल्या आवृत्त्यांत मागे दिलेलं असतं. मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३, एकोणीस अंक, शेवटचा जोडअंक. पहिल्या अंकात पहिली चार प्रकरणं. महिन्याला एक जमणार नाही तुम्हाला, आठवड्याला एक करा, मीही बसतो तुमच्याबरोबर. दर रविवारी रात्री इथे लिहायचं, पुढचं वाचलेल्यांनी तोंड बंद ठेवायचं.

लालबागचा_नातू
मी पण.

निवृत्त_कारकून
मी ऐकणार. लिब्रिव्हॉक्सवर आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय.

मनमौजी_मुळा
येतो. पण कुणाचं भलं होणार असेल तर आधी सांगा, मला सवय नाही.

ओली_छत्री
रविवार आला! पहिली चार झाली. धुकं आणि कोर्ट सुरेखच, पण मी गार झाले ते चौथ्या प्रकरणात जेलीबीबाईंच्या घरी. आफ्रिकेतल्या कुठल्याशा बोरिओबूला-घाच्या लोकांचं भलं करायला दिवसभर पत्रं लिहितेय आणि इकडे स्वतःचं पोरगं जिन्यावरून गडगडत खाली येतंय, दुसऱ्याचं डोकं बाहेरच्या कठड्यात अडकलंय, जेवण अर्धं कच्चं. आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहेत अशा एक बाई.

लालबागचा_नातू
मोठी मुलगी कॅडी, बोटांना शाई, ती रात्री रडते तेव्हा मला बाईचा खरंच राग आला. आणि मग तो वकिलाचा कारकून गप्पी एस्थरशी ते सारखं

तारीख_पुढची
नातू, थांबा. गप्पीचं पुढचं दुसऱ्या-तिसऱ्या अंकात आहे. तुम्ही पुढे वाचलंयत.

लालबागचा_नातू
थोडंसंच. लोकल लेट होती.

निवृत्त_कारकून
मीही सहाव्यात आहे. आपोआप पुढे वाजत गेलं, मी काय करणार.